आग किती, अंतर किती?

१. दोन प्रश्न

धुळ्यातल्या एखाद्या लॉन्सवर लग्न लागतं, वरमाला हातात येतात आणि स्टेजच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या ठिणग्यांची कारंजी उसळतात. नवरानवरी चार पावलांवर उभे असतात आणि फोटोत हसत असतात. जेवायला बसता बसता कुणी मामा विचारतोच, “हे थंड अनार म्हणतात, ते खरंच थंड असतं का हो? शेरवानी कशी पेटत नाही?”

दुसरा प्रश्न सिनेमा पाहून घरी आलेल्या पोरांचा. मागे जीप उडते, आगीचा लोळ आभाळात जातो आणि नायक मान न वळवता चालत येतो. त्याची पाठ कशी भाजत नाही?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर बरंचसं एकच आहे. आतषबाजीच्या धंद्यात आग पेटवणं सोपं असतं. आग आणि माणूस यांच्यात किती अंतर ठेवायचं, हे ठरवणं अवघड. पण त्याआधी ही आग चुलीतल्या आगीहून वेगळी कशी, ते पाहू.

२. शिदोरी बांधून निघालेली आग

चुलीत पऱ्हाट्या सरकवल्या की जाळ होतो, पण त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. फुंकणीने फुंकलं की जाळ वाढतो, राखेखाली दाबला की मंदावतो. फटाक्याची दारू हवेवर अवलंबून नसते. काळ्या दारूत कोळसा आणि गंधक हे जळण असतं. तिसरा घटक सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तापला की तो आपल्यातला ऑक्सिजन सोडतो आणि तो लगेच शेजारच्या कोळशाच्या कणाला मिळतो. फडक्यात भाकरी-चटणी बांधून निघालेल्या वाटसरूला खानावळ शोधावी लागत नाही, तसंच या आगीचं आहे. ती बंद नळीतही जळते आणि वरून झाकण घातलं म्हणून विझत नाही.

आता हीच दारू तीन प्रकारे ठेवून पाहा. उघड्यावर पेटवली तर भस्सकन जळून जाते. जाड कागदात चहूबाजूंनी घट्ट आवळली तर आतल्या वायूला वाट मिळत नाही, दाब वाढत जातो आणि शेवटी वेष्टन फाटतं. तो फटाका. एका बाजूला तोंड ठेवलं तर वायू तिथून पळतो. तोंड वर असेल तर भुईनळा आणि खाली असेल तर बाण. फुटणं, उसळणं आणि उडणं यांतला मोठा फरक वेष्टनाचा असतो.

रंग धातूंच्या क्षारांमुळे येतात. स्ट्रॉन्शियमने लाल, बेरियमने हिरवा, तांब्याने निळा आणि सोडियमने पिवळा. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा टायटॅनियमच्या पुडीने पांढराशुभ्र लखलखाट होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली. त्यानंतर कमी धूर करणारे ‘हरित फटाके’ ज्या संस्थेने पुढे आणले, ती नीरी आपल्याच नागपूरची.

३. राळेचा भपका

साक्रीच्या पश्चिम पट्ट्यापासून नाशिकच्या डोंगरांपर्यंत भोवाडा किंवा बोहाडा होतो. देव-राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगं रात्रभर नाचतात. सोंग पुढे आलं की मशालीवर राळेची चिमूट फेकायची आणि क्षणभर मोठा भपका उठवायचा, ही आपल्या लोकनाट्यांची जुनी युक्ती आहे. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. तिचा खडा विस्तवात टाकला तर तो वितळतो आणि धुरकटत जळत राहतो. त्याच खड्याची पूड मात्र हवेतल्या हवेत एकदम पेटते. असं का?

एक सोपा हिशेब करू. एक सेंटिमीटर बाजूचा चौकोनी खडा घ्या. त्याला सहा बाजू, म्हणजे पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग होतो साठ चौरस सेंटिमीटर. कण आणखी दहापट बारीक केले तर सहाशे. माल तेवढाच राहिला, पण हवेला भिडणारी जागा शंभरपट झाली. जळण्याचं काम या पृष्ठभागावर चालतं, म्हणून खड्याला मिनिटं लागतात आणि पुडीला क्षण पुरतो. युरोपातल्या रंगभूमीवर याच कामासाठी लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची पूड वापरत.

हा हिशेब खाण्याच्या पिठालाही लागू आहे. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढण्याचा उद्योग आहे. हवेत तरंगणाऱ्या पुडीजवळ ठिणगी येऊ द्यायची नाही, हा अशा उद्योगांतला मूलभूत नियम असतो. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका जलक्रीडा उद्यानातल्या कार्यक्रमात तरुणाईवर रंगीत स्टार्चची पूड उधळली गेली आणि ती पेटली. पंधरा जणांचा जीव गेला, शेकडो होरपळले. तिथे स्फोटक म्हणावं असं काहीच नव्हतं.

सिनेमातला आगीचा लोळ याच जातीचा. लोखंडी भांड्यात पेट्रोल किंवा रॉकेल ठेवतात आणि तळाशी दारूचा छोटा बार असतो. बार उडाला की इंधनाचे तुषार होऊन हवेत पसरतात आणि पेटतात. डोळ्यांना केशरी, फुगत जाणारा प्रचंड लोळ दिसतो, पण त्यात आघात कमी असतो. खऱ्या बॉम्बचं याच्या उलट असतं. तिथे आघात भयंकर, धूळ पुष्कळ आणि ज्वाळा क्षणभराची. खरा स्फोट पडद्यावर फिका दिसेल, म्हणून सिनेमावाले दिसणारी आग वाढवतात आणि मारणारा आघात कमी ठेवतात.

४. पर्वतीवरची लंका

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या आतषबाजीचा इ.स. १४०० ते १९०० या काळातला इतिहास लिहिला. एकनाथांनी सोळाव्या शतकात रचलेल्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’तली आतषबाजी त्यांनी दाखवून दिली. तेव्हा लग्नात दारू उडवण्याची हौस कालपरवाची नाही.

त्यांनी पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंगही पुढे आणला. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगतात. तिथे दारूची लंका उभारतात. रावण, राक्षस, वानर, घरं सगळं दारूकामाचं. मारुतीचं शेपूट पेटवलं की तो हवेतून उडत लंकेला आग लावत सुटतो. पेशव्यांना ते पाहण्याची उत्सुकता लागली आणि पर्वतीच्या परिसरात तशीच लंका रचून सरदारांसमोर आणि शहरवासीयांसमोर जाळण्यात आली.

आजच्या मोठ्या कार्यक्रमातली महत्त्वाची अंगं या प्रसंगात आहेत. जाळण्यासाठीच बांधलेली प्रतिकृती, कुठून पेट घेऊन आग कुठे जाणार याचा ठरलेला क्रम आणि लांबून पाहणारी गर्दी.

त्यानंतर साधारण सव्वाशे वर्षांनी, १९१७ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ पडद्यावर आणलं. फाळके जादूचे प्रयोगही करत. कॅमेरा मध्येच थांबवून वस्तू बदलता येते, हे त्या काळच्या चित्रपटातल्या चमत्कारांचं मोठं गुपित होतं. पर्वतीवरच्या प्रेक्षकाला आगीपासून दूर बसवावं लागलं असेल. पडद्यासमोरचा प्रेक्षक पहिल्या रांगेत बसला तरी त्याला झळ लागत नाही. धोका उरतो फक्त चित्रीकरणाच्या जागेवर, आणि तिथलं अंतर चोरून कमी दाखवायची सोय कॅमेऱ्यात असते.

५. नायकाची पाठ का भाजत नाही

आधी झळीचा नियम. उघड्यावरच्या आगीपासून अंतर दुप्पट केलं की अंगावर येणारी झळ चौथाई होते, तिप्पट केलं की नवव्या हिश्श्यावर येते. दहा मीटरवर असह्य असलेली आग तीस मीटरवर सोसता येऊ शकते.

आता कॅमेऱ्याची करामत. समजा नायक आणि आग यांच्यात ४० मीटर अंतर आहे. कॅमेरा नायकाच्या पुढे २० मीटरवर ठेवला तर आग कॅमेऱ्यापासून ६० मीटरवर आली. ती नायकाच्या जागी असती त्याच्या एकतृतीयांश आकाराची दिसेल, म्हणजे लांब आहे हे कळेल. तोच कॅमेरा मागे, नायकापासून २०० मीटरवर नेला आणि लांब पल्ल्याचं भिंग लावून नायक पुन्हा जवळ आणला. आता नायक २०० मीटरवर आणि आग २४० वर. दोनशे भागिले दोनशे चाळीस, म्हणजे आग पूर्ण आकाराच्या पाच षष्ठांश दिसते. प्रेक्षकाला वाटतं, पाठीला चिकटूनच पेटली आहे. प्रत्यक्षातले ४० मीटर जसेच्या तसे आहेत.

उडणारे तुकडेही निवडून घेतलेले असतात. विटा-दगडांच्या जागी बुचाचं लाकूड किंवा थर्माकोल असतो, धुरळ्यासाठी मुलतानी माती. बाँडपट ‘स्पेक्टर’साठी २०१५ मध्ये मोरोक्कोच्या वाळवंटात एका दृश्याला ८,४१८ लिटर रॉकेल आणि ३३ किलो स्फोटकं वापरली गेली आणि गिनीज बुकात त्या स्फोटाची नोंद झाली. आकड्यांचं प्रमाण बघा. इंधन हजारो लिटर, स्फोटक फक्त ३३ किलो.

पूर्ण इमारत उडवायची नसेल तर छोटी प्रतिकृती उडवतात. पण प्रतिकृतीचे तुकडे फार लवकर खाली पडतात आणि खेळणं आहे हे उघड होतं. त्यावरचा उपाय गणितात आहे. २० मीटरवरून पडणाऱ्या दगडाला साधारण दोन सेकंद लागतात. प्रतिकृती नवव्या हिश्श्याची, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीची केली, तर त्याला पाऊण सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. उंची नऊपट कमी केली, पण वेळ तिप्पटच कमी झाला, कारण नऊचं वर्गमूळ तीन. मग सेकंदाला २४ ऐवजी ७२ चित्रं घ्यायची आणि पडद्यावर २४ च्या वेगाने दाखवायची. पडायला पुन्हा दोन सेकंद लागतात आणि खेळण्याचा बुरूज खरा वाटू लागतो.

प्रेक्षक किती थोडक्यावर विश्वास ठेवतो, याचा दाखला धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावर आहे. मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, त्यात घोड्यांच्या जागी सायकली होत्या. मूळ ‘शोले’तल्या (१९७५) आगगाडीवरच्या हल्ल्याचं चित्रीकरण पनवेलजवळ सात आठवडे चाललं होतं. मालेगावकरांकडे तेवढा पैसा नव्हता, तरी लोकांनी सिनेमा उचलून धरला.

६. गोळी लागते कशी

जळगाव जिल्ह्यात वरणगावला बंदुकीच्या काडतुसांची आयुधनिर्माणी आहे, त्यामुळे काडतूस म्हणजे काय हे त्या भागात समजावून सांगावं लागत नाही. पितळी पुंगळीत दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी आणि तोंडाला गोळी. सिनेमासाठी यातली गोळी काढून तोंड मुडपून बंद करतात. याला ब्लँक म्हणतात. आवाज आणि जाळ खरा, गोळी नाही. तरीही नळीच्या तोंडातून तापलेला वायू जोरात बाहेर येतो, म्हणून ब्लँकसुद्धा कुणावर जवळून झाडत नाहीत. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली हा नट दगावला. आधीच्या एका नकली काडतुसाची टोकाची गोळी नळीत अडकून राहिली होती. नंतर ब्लँक झाडल्यावर वायूच्या दाबाने ती सुटली. नळी आतून तपासायची राहिली होती.

समोरच्या माणसाच्या छातीवर जे रक्त उडतं त्याचा बंदुकीशी काहीच संबंध नसतो. कपड्याच्या आत धातूची चकती, तिच्यावर हरभऱ्याएवढा बार आणि त्यावर लाल रंगाची पिशवी असते. याला स्क्विब म्हणतात. तारेतून वीज सोडली की बार उडतो, पिशवी फुटते, कापड फाटतं. अंगाकडचा धक्का चकती अडवते. इथे बाराचं आणि कातडीचं अंतर काही मिलिमीटरचं, म्हणून बारही तेवढाच लहान. आता बरेच जण दारूऐवजी दाबलेल्या हवेवर हे काम भागवतात.

७. आकाशातला हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीसमोर रात्रभर शोभेची दारू उडते. तिथले औट आणि मोठ्या शहरांतल्या कार्यक्रमांतले गोळे यांचा उद्देश एकच, आधी वर जायचं आणि मग फुटायचं. त्यासाठी गोळा उखळीसारख्या नळीत ठेवतात. तळाची दारू पेटली की गोळा वर फेकला जातो. त्याच क्षणी आतली मंद वातही पेटलेली असते. गोळा माथ्यावर पोचेपर्यंत ती जळत राहते आणि मग आतला बार पेटवते.

संगीताबरोबर आतषबाजी बसवायची तर उलटं मोजावं लागतं. ढोलाचा ठोका गाण्यात १ मिनिट २० सेकंदांवर आहे आणि गोळ्याला वर जाऊन फुटायला तीन सेकंद लागतात. मग नळी १ मिनिट १७ सेकंदांवर पेटली पाहिजे. हाताने काडी लावून हे जमत नाही, म्हणून विजेवर पेटणारी काडी, म्हणजे ई-मॅच वापरतात. बारीक तार क्षणात तापते आणि तिच्यावरचा लेप पेट घेतो. माणूस लांब बसून बटण दाबतो. वेळही साधली आणि अंतरही.

आवाजाचं गणित वेगळं. तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. प्रेक्षक १७० मीटरवर असेल तर फूल उमलल्यावर अर्ध्या सेकंदाने धमाका ऐकू येईल. उजेड आणि आवाज यांतले सेकंद मोजून ३४० ने गुणा, अंतर तुम्हालाही काढता येईल.

मैदान किती मोकळं हवं? अमेरिकेत रूढ असलेला नियम गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला ७० फूट असा आहे. समजा तुमच्या मैदानात सगळीकडून २०० फूट जागा मोकळी आहे. तीन इंची गोळ्याला २१० फूट लागतील, म्हणजे तो बाद. अडीच इंचीला १७५ पुरतात, तो चालेल. यजमानाची हौस कितीही मोठी असली तरी गोळा मैदानाच्या मापाचाच घ्यावा लागतो.

८. थंड अनार किती थंड

आता मामांचा प्रश्न. थंड अनारात टायटॅनियम किंवा झिर्कोनियमसारख्या धातूचे अतिशय बारीक कण असतात. काही प्रकारांत ते भरलेलं नळकांडं ई-मॅचने पेटवतात. काहींत यंत्र कणांना तापवतं आणि पंख्याने वर फेकतं. ठिणगीचं तापमान चांगलंच जास्त असतं, तिला थंड म्हणता येणार नाही. पण तापमान ही एक गोष्ट आणि उष्णता ही दुसरी. एका ठिणगीचं वजन ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाहूनही कमी असू शकतं. जळून निवत आलेल्या अशा शेकडो ठिणग्यांची उष्णता एकत्र केली तर पाण्याचा एक थेंब जेमतेम एक अंशाने तापेल. म्हणून उंचावरून खाली येणारी ठिणगी हाताला जाणवत नाही.

तोंडाशी मात्र गोष्ट बदलते. तिथे ठिणग्या दाट असतात, कण अजून जळत असतात आणि नळकांडंही तापलेलं असतं. तिथे पातळ झालर, प्लास्टिकची फुलं किंवा थर्माकोलचा महाल आला तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी एका क्लबात स्टेजवरच्या ठिणग्यांच्या कारंज्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि शंभर माणसं गेली. ती कारंजी थंड प्रकारातली नव्हती, पण धडा इथेही लागू पडतो. ठिणगी कुणाजवळ उभी आहे, यावर तिचा धोका ठरतो.

९. ज्यांना अंतर मिळत नाही

आतापर्यंत आपण पाहणाऱ्याचं, नटाचं आणि बटण दाबणाऱ्याचं अंतर मोजलं. एक माणूस राहिला, दारू भरणारा. त्याच्यासमोर ना भिंग असतं, ना लांब तार. दारू त्याच्या बोटांखाली असते.

खान्देशाला हे माहीत आहे. एप्रिल २००९ मध्ये पारोळ्यातल्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगारांचा बळी गेला. १८ एप्रिल २०२३ रोजी साक्री तालुक्यात निजामपूर-जैताणे परिसरात मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागून चार महिला गेल्या. केकवर ठिणग्या उडवणाऱ्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या तिथे बनत. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात अशाच मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली आणि तिथेही काम करणाऱ्या बायका बळी पडल्या. केकवर ती मेणबत्ती थोडाच वेळ जळते, म्हणून आपण तिला दारूकाम समजतही नाही. पण शेकडो मेणबत्त्यांचा मसाला एका खोलीत आला की तो दारूचा साठाच असतो.

स्फोटकांचे परवाने देणारी केंद्रीय संस्था पेसो, तिचं मुख्यालय नागपुरात आहे. कायदा १८८४ चा आणि त्याखालचे आजचे नियम २००८ चे. फटाक्यांच्या कारखान्यांबाबत त्यांचा गाभा अंतराचाच आहे. एका शेडमध्ये मोजकी माणसं, मोजका माल, आणि दोन शेडमध्ये ठरावीक मोकळी जागा. एका शेडमध्ये चूक झाली तर दुसरी वाचावी, हा त्यामागचा विचार.

तुमच्या घरच्या लग्नात आतषबाजीवाला ठरवाल तेव्हा किती नळ्या उडवणार हे विचारालच. त्याच दमात आणखी चार गोष्टी विचारा. स्टेजवरच्या सजावटीपासून नळकांडं किती लांब राहील? पेटवणारा माणूस कुठे उभा राहील? वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचं नळकांडं कुठे ठेवलंय? आणि माल कुठल्या कारखान्याचा, वेष्टनावर त्याचं नाव आणि परवान्याचा उल्लेख आहे का? चौथ्या प्रश्नाकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात, पण बाकीच्या तिन्हींपेक्षा तो मोठा आहे. दोन शेडमधल्या मोकळ्या जागेला जमीन लागते, मोजक्या माणसांत काम करायला वेळ लागतो, आणि दोन्हींची किंमत मालात धरावी लागते. बेनामी माल स्वस्त मिळतो, तेव्हा बहुधा हेच खर्च त्यातून वगळलेले असतात.